तिसरी बॅटरी

“हॅलो?… हॅलो, कोण?… देवकी, तू काय? बोल गो. आवाज तुटतोय तुझा. जरा सागाकडं सर… आणखीन थोडी. हा, आता येतो.”

भरतनं हातातली पक्कड खाली ठेवली. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागं त्याचं दुकान होतं, दुकान म्हणजे पत्र्याची खोली आणि पुढं तेलानं काळी झालेली जमीन. गाड्यांचं वायरिंग, सेल्फ, डायनामो, बॅटरी, असली सगळी दुखणी तो बघायचा. देवकी त्याची धाकटी बहीण. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला डोंगरात तिचं सासर. त्या पाड्यात फोनला रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, पाड्याखाली सागाच्या झाडांत, जिथं तिच्या नवऱ्याची जीप उभी असे.

“पोचली ना बॅटरी?… फाट्यावर उतरवून गेला? त्या रिक्षावाल्याला मी सांगितलेलं वरपर्यंत ने म्हणून. मंग वर कोणी आणली?… तू? डोक्यावर घेऊन?… अगं तेजाब असतं त्यात. अंगावर नाय ना सांडलं?… बघ नीट. लुगड्याला भोक पडल्यावर कळतं ते… बरं. बरं. बस जरा. पाणी पी… नाय, घाई नाय, मी हाय फोनवर.”

घाई होती. पण दमलेल्या बाईला तसं कोण सांगणार.

ही तिसरी बॅटरी. पहिली गाडीतली जुनी होती, ती उतरली तेव्हा भरत म्हणाला, म्हातारी झाली, चालायचंच. दुसरी त्यानं रविवारी स्वतः जाऊन बसवली, चांगली भरलेली. तीन दिवसांत तीही गार. जीप तर जागची हललेली नव्हती. उभ्या गाडीत बॅटरी उतरते ती दोनच कारणांनी, एक तर बॅटरीच नासकी किंवा गाडीत कुठंतरी वीज झिरपतेय. नासकी बॅटरी आपण बहिणीच्या दारात नेऊन ठेवू हे भरतला पटणं शक्य नव्हतं. त्या बाबतीत त्याचं नाक फार वर असे.

“दाजी कुठंयत? त्यांना बोलव, पाना धरायला… काय?… भगत आणायला? आज?… अगं पण कशापायी? गाडीला भगत काय करणार, पाणी टाकणार बॅटरीत?… कोण बोलतं असं?… सगळा पाडा. हं.”

पाडा काय बोलत होता ते भरतला ठाऊक होतं. भातकापणीत देवकीच्या रोशनीला जनावर डसलं. घोणस. आठवीतली पोर. हनुमाननं, म्हणजे देवकीच्या नवऱ्यानं, जीप अशी हाणली की ओढ्यात स्प्रिंगचा पाटा तुटायचा राहिला. पण शहापूर गाठायच्या कितीतरी आधी, जीपच्या मागच्या बाकावर, आईच्या मांडीत पोरगी गेली. जीप परत आली आणि सागात उभी राहिली. त्यानंतर ती चालूच होईना. रोज कसाऱ्यापासून खर्डीपर्यंत सिटा मारणारी, माणसं वाहणारी गाडी एकाएकी मुकी झाली म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. पोर गाडीत बसून आहे, ती गाडी सोडत नाही.

“देवकी, ऐक माझं. भगत येईल तेव्हा येईल. त्याच्या आधी आपण बघून घेऊ… अगं तुला जमतं. लहानपणी माझ्या सायकलचा डायनामो कोणी खोललेला?… हा. मंग. आधी सांग, दिपिका कशी हाय?”

इथं भरत उठून उभा राहिला.

“पाय सुजलेत?… आणि आशाताई काय बोलली?… आजच खाली न्या बोलली? मंग… हो गो, सरकारी गाडी फाट्यापर्यंतच येते, म्हाईत हाय मला. फाट्यापर्यंत न्यायची कशी तेच तर. चालत?… नाय, नाय. डोलीतनं नको. परत डोली नको बाबा.”

दिपिका म्हणजे देवकीची धाकटी जाऊ. तिचा नवरा दिवाळी झाली की भिवंडीकडं वीटभट्टीवर जाई, तसा गेलेला. दिवस भरलेले, अंगात रक्त नाही. आणि डोलीचं नाव काढलं की भरतला मंगळ्याकाका आठवत. पाड्यातलाच म्हातारा. गेल्या आठवड्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं, जीपची किल्ली फिरवली तर नुसतं ‘टिक’ वाजलं. मग चादरीची डोली केली, चौघांनी खांद्यावर घेतली, आणि ओढा ओलांडल्यावर खाली ठेवली ती उचलण्यात अर्थ उरला नाही म्हणून. त्याच दिवशी भरतला पहिला फोन आला होता. म्हणजे आजची ही बॅटरी लागली आणि टिकली, तर दिपिका खाली जाणार. नाही तर पुन्हा चादर आणि बांबू.

“चल, कामाला लाग. फोन स्पीकरवर टाक आणि ठेव पुढच्या बंपरवर. बोनेट उघडलंस?… काठी लाव त्याला, डोक्यात पडेल… बॅटरी जागेवर बसली?… आता लाल वायर हाय ती जाडी. ती बॅटरीच्या अधिकच्या खांबाला. दहाचा पाना दिलाय मी पिशवीत… लाव. आवळ… काळी लावू नको. काळी तशीच लोंबू दे.”

“पिशवीत एक बल्ब हाय बघ, दोन वायरी लोंबणारा… तोच. आधी तो चांगला हाय का बघ. एक वायर लाल खांबाला, दुसरी काळ्या खांबाला… लागला?… चांगला लागला? हा. म्हणजे बल्ब बरा आणि बॅटरी पण बरी.”

“आता गाडीची दारं सगळी लाव. किल्ली काढलेली हाय ना?… देवाच्या फळीवर? बरं, तिथंच राहू दे. आता बल्बची एक वायर बॅटरीच्या काळ्या खांबाला लाव, आणि दुसरी त्या लोंबत्या काळ्या वायरीच्या टोकाला… कळलं? मधे बल्ब आला पायजे. गाडी काय पण खात असली तर तिला या बल्बातनं खावं लागेल. चोरून खाल्लं तरी बल्ब पेटणार… हा. लाव. काय दिसतं?”

भरतनं डोळे मिटले. तो हे रविवारी स्वतः करून आला होता, मीटर लावून. मीटरचा काटा मेल्यासारखा पडून राहिला. तरी त्याला वाटत होतं की एखादी वायर कुठंतरी घासत असेल, कधी लागते, कधी सुटते. अशी लबाड दुखणी असतात. माणूस डॉक्टरसमोर बसला की खोकला थांबतो, तशी.

“नाय लागला?… अजिबात? सावली करून बघ, हाताचा आडोसा कर. लालसर तार दिसते का आत?… नाय. वायरीचं टोक घास जरा, गंज असंल. परत लाव… नाय?”

“बरं. आता एक कर. वायरी तशाच धरून ठेव आणि… शेजारची भिमी हाय तिथं? तिला बोल गाडी हलव. बोनेटवर दाब दे. दार आपट, एकदा सोडून चारदा आपट… आपटलं? बल्ब?… काहीच नाय. मागचं दार पण?… मागचं दार नको बोलते भिमी? घाबरते?… मंग तू आपट. जा.”

भरत वाट बघत राहिला. फोनमधून त्याला दार आपटल्याचा आवाज आला. एकदाच, आणि तोही हळू. मेलेल्या लेकराच्या खोलीचं दार लावावं तसं तिनं ते लावलं असेल, हे त्याला इकडं मुरबाडला कळलं.

“…नाय ना लागला. बरं. ये पुढं.”

“नाय गो, मी हाय. विचार करतोय.”

विचार करण्यासारखं फार उरलं नव्हतं. बॅटरी चांगली. गाडी वीज खात नाही, उभी असताना नाही, हलवली तरी नाही. तरी दोन बॅटऱ्या मेल्या. म्हणजे दिवसा जे घडत नाही ते रात्री घडतंय, आणि ते गाडी स्वतःहून करत नाही. एवढं कळायला मेकॅनिक लागत नाही, बायको पुरते. पण भरतला ते विचारायचं धाडस होत नव्हतं, कारण पुढचं उत्तर गाडीचं नसणार, माणसाचं असणार.

“देवकी, गाडीत कोणी बसतं का? मोबाईल लावतं कोणी चार्जिंगला? पाड्यातली पोरं?… बरोबर, पोरं कसली जवळ जातात. गाणी लावतं कोणी? हॉर्न?… दाजी झोपतात का गाडीत? दारूबिरू घेऊन?… नाय, मी नाव नाय ठेवत त्यांना. विचारतो नुसतं… खळ्यावर झोपतात? रोज?… हं, तिकडं भाताची राखण. म्हणजे गाडी त्यांना दिसत पण नाय.”

“मंग भिमी कशाला घाबरते एवढी? काय बघितलं तिनं?… तिला विचार. फोन दे तिला… बोलत नाय? मंग तू सांग… उजेड? कुठं? गाडीत?… आतनं उजेड येतो बोलते? काचेतनं?… कधी?… रोज?… पिवळा?”

भरत खाली बसला. टायरचा एक ढीग होता, त्यावर.

हे त्याला कोणी आधी सांगितलं नव्हतं. लोकांनी सांगितलं ते ‘पोर बसून आहे’ एवढंच. का वाटतं तसं, हे कोणी सांगितलं नाही, आणि त्यानंही शहाणपणाच्या तोऱ्यात विचारलं नाही. सबंध पाड्याला रात्री जीपमध्ये उजेड दिसत होता. पाड्यानं त्याचं भूत केलं. भरतला मात्र त्या उजेडाचे वॅट माहीत होते. मागच्या बाकावरच्या छताला तो बल्ब त्यानंच गणपतीत बसवला होता, चांगला मोठा, सिटांना आपापल्या पिशव्या दिसाव्यात म्हणून. रात्रभर जळला तर चांगल्या बॅटरीचं तोंड फिरवेल असा.

“देवकी.”

“देवकी, भिमीला वर पाठव. दिपिकापाशी जा बोल… गेली?… लांब गेली? बरं.”

“तो मागचा दिवा तू लावतेस ना?”

स्टँडवर एक गाडी लागली, कंडक्टरनं हाक दिली, माणसं पळाली. त्यानं दुसऱ्या कानावर हात दाबून धरला.

“…नाय, मी रागावलो नाय. कशाला रागवू गो… सांग तू. हळूहळू सांग… हो… हो… घरात ठेवलेला ना दिवा, मी बघितला की. टोपलीखाली… हो… पिठावर काय उमटलं नाय?… एकदा पण नाय?… सासू काय बोलली?… ‘ती घरात आलीच नाय.’ हं.”

घरात माणूस गेलं की जिथं जीव गेला तिथं दिवा ठेवायचा, खाली तांदळाचं पीठ पसरायचं, वर टोपली झाकायची. जाणाऱ्याचं पाऊल पिठावर उमटतं, म्हणजे तो कुठं गेला ते कळतं. दिवस, म्हणजे मेल्यामागचे विधी, होईपर्यंत दिवा विझू द्यायचा नाही. रोशनीचा दिवा रीतीप्रमाणं घरात ठेवला. पण जीव घरात कुठं गेला होता? तो गेला जीपच्या मागच्या बाकावर. सासूनं चार बायकांत ते बोलून दाखवलं, तेल घालता घालता, सहज. आणि देवकी त्याच संध्याकाळी सागात आली.

“…हो. बरोबर हाय तुझं. तेलाचा दिवा कसा ठेवणार गाडीत. डिझेल, रेक्झीनची सीट. पेटली असती… म्हणून तो बटणाचा… हो. कळलं मला. आणि दाजी उठायच्या आत बंद करायला येतेस… रोज… काय? परत सांग… आपोआप विझलेला असतो?”

“पहाटे?… आणि तुला काय वाटतं?… नाय गो. नाय, नाय, देवकी, ऐक ना. ती नाय विझवत. ती कशाला विझवेल. ती रुसलेली नाय तुझ्यावर… ऐक गो. अगं बॅटरी उतरते. बॅटरीत असतं तेवढं संपतं आणि दिवा जातो. एवढंच हाय ते. घागर रिकामी झाल्यासारखं… दुसरं काय नाय. मी सांगतो ना तुला. माझं कामच हाय ते.”

बहीण रडत होती. रोशनीला उचलून आणलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा ती दगडासारखी बसून होती आणि बायका म्हणत होत्या, हिला रडवा कोणीतरी. आता रडली. भरतला वाटलं, रडू दे. आणि लगेच वाटलं, वेळ कुठं आहे.

“…हा. पूस डोळे. मला सांग, काल पण लावलेलास?… बॅटरी मेलेली होती म्हणून नाय लागला. बरं. म्हणजे काल रात्री अंधार. आणि आज ही नवी आली म्हणून… हो, उद्या दिवस तिचे. म्हाईत हाय. शेवटची रात्र… मी काय नाय बोललो का? लावू नको असं बोललो का मी?”

“…काय?”

भरत टायरांवरून उठला.

“ते आता कशाला काढतेस?… देवकी, मंगळ्याकाकांचं आता नको. त्यांचं वय काय होतं… ते मी नंतर बोलतो तुझ्याशी. समोर बसून बोलतो… अगं पण… तू आधी… काय झालं? कोण ओरडतंय?… भिमी? काय बोलते?… पाणी गेलं? दिपिकाचं?… कधी? आता? कळा येतात?… देवकी, ऐक. ऐक माझं. तिकडं पळू नको. तू गेलीस तर रेंज जाईल, आणि गाडी तुझ्याशिवाय कोणी चालू करू शकत नाय. भिमीला बोल, दोन बायका घे आणि दिपिकाला इथं घेऊन ये. सावकाश. चालवू नका, खुर्चीवर बसवून आणा.”

“बल्ब काढ आता. टाकून दे. काळी वायर घे, खांबावर बसव. आवळ. निसटतो? दोन्ही हातांनी धर पाना. उजवीकडं फिरव… हलते का बघ. हलता नये… बस. बोनेट पाड. किल्ली आणायला पाठव कोणाला तरी.”

“दाजी आले का कुठं?… दिसतात? ओढ्यापाशी? भगत पण हाय बरोबर?… हाक मार. जोरात मार. फोन सोडू नको.”

आता इथं भरतनं जे केलं ते त्यानं आधी ठरवलेलं नव्हतं. गिऱ्हाईकाशी खोटं बोलायचं नाही, हा त्याचा दुकानातला नियम होता, आणि त्यापायी त्यानं बरीच गिऱ्हाइकं घालवली होती. वायर जळली तर जळली म्हणायचं, माझ्या हातानं जळली तर माझ्या हातानं. पण हनुमानला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की पाडा ज्याला भूत म्हणतो ती तुझी बायको आहे. की तिच्या त्या दिव्यापायी जीप बंद होती. की मंगळ्याकाकांच्या पोरांना हे कळलं तर उद्या दिवसांच्या पंगतीत ते काय बोलतील ते बोलतील. आणि हे सगळं डोक्यात घेऊन त्यानं कळा येणाऱ्या बाईला घाटातनं खाली न्यायचं.

“हा… दाजी? रामराम. भरत बोलतो… ऐका, गाडीचं सापडलं… हो, आता सापडलं. मागच्या दिव्याची वायर दबलेली होती पत्र्याखाली. मीच बसवलेली ना गणपतीत, माझ्याच हातची चूक. तिथनं वीज जमिनीत जायची… हो, रात्रीचा तो दिवा आपोआप लागायचा त्यानं. भिमीनं बघितलं ते तेच. दुसरं काय नाय… देवकीनं काढली वायर मोकळी, मी सांगितलं तशी. तिला काय बोलू नका. शहाण्यासारखं केलं तिनं.”

“आता टाइम नाय दाजी. दिपिकाला बसवा आणि निघा… काय बोलतात बाबा?… आधी कोंबडा?… फोन द्या त्यांच्याकडं. द्या तुमी… रामराम बाबा. भरत, देवकीचा भाऊ… तुमचं तुमी करा ना, मी कुठं नको बोलतो. नारळ फोडा गाडीपुढं, लिंबू ठेवा चाकाखाली, दोन मिनटाचं काम हाय. कोंबड्याला उद्या बघू, कोंबडा कुठं जात नाय. बाई थांबायची नाय बाबा… हो. हो. तुमचा आशीर्वाद. द्या दाजींना.”

“दाजी, किल्ली फिरवा. क्लच दाबून. गॅस देऊ नका आधी…”

फोनमधून आधी कोणाचं तरी कण्हणं ऐकू आलं, मग बायकांचा गलका. मग सेल्फचा घरघराट, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिननं खोकून धरलं. भरतला कळलं की आपण इतका वेळ पक्कड परत उचलून मुठीत आवळून धरली होती.

“लागली?… हो, ऐकू आली. आता बंद करू नका. कुठंच बंद करू नका, हॉस्पिटलच्या दारात जाईस्तवर. निघा.”

“…हॅलो? कोण, देवकी?… तू बसलीस मागं? दिपिकाचं डोकं कुठं हाय?… तुझ्या मांडीवर. बरं… ओरडू दे, ओरडते ते चांगलं हाय. हात धरून ठेव तिचा… बसते का नीट? घाबरली नाय ना गाडीला?… डोळे मिटून घेतलेत. बरं. राहू दे मिटलेले.”

“काय?… दिवा? आता?… लाव. लाव गो, काय होत नाय. गाडी चालू असली की डायनामो बॅटरी भरत राहतो. रात्रभर लागला तरी विझायचा नाय… मी सांगतो ना. लाव… लागला? दिसतं तुला?… दिपिकाला पण बरं वाटेल उजेडात.”

जीप ओढ्याकडं उतरत असणार. इंजिनचा आवाज बदलला, दगडांवरून चाकं आपटल्याचं कळलं. त्यापुढं खिंड, आणि खिंडीत रेंज जाते. भरतला ते माहीत होतं, आणि आपण तिची वाट बघतोय याची त्याला लाज वाटत होती. खिंड आली की हा फोन आपोआप तुटेल आणि जे विचारलं जाणार होतं ते आज तरी विचारलं जाणार नाही.

“हा, बोल… आवाज येतो… कोणाला खोटं बोललो?… दाजींना. हो. तू शेजारीच उभी होतीस, कळणारच… त्यांचं सोड. ते गाडी चालवतात… अगं तुझ्याचसाठी… नाय. नाय, तुला नाय खोटं बोलणार.”

“विचार.”

त्यानं ऐकून घेतलं. तिनं फार काही विचारलं नव्हतं. मंगळ्याकाका त्या दिवशी जीपनं गेले असते का, आणि जीप त्या दिवशी उठली नाही ती तिच्या दिव्यामुळंच का, एवढंच. ज्या ओढ्यापलीकडं म्हाताऱ्याला खाली ठेवलं होतं, त्याच ओढ्यातनं जीप आत्ता जात होती. ‘बॅटरी जुनी होती, ती तशीही मेलीच असती’ हे वाक्य भरतकडं तयार होतं, आणि ते निम्मं खरंही होतं. पण तो दिवा लागेपर्यंत त्याच जुन्या बॅटरीनं गाडी उठवली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. तिला फसवता येणार नव्हतं. डायनामो खोलणारी पोरगी ती. आज तिला फसवलं तर उद्यापासून त्यानं सांगितलेलं काहीच तिला खरं वाटणार नाही, दिवा बॅटरीमुळं विझत होता हेसुद्धा.

“हो,” भरत म्हणाला.

आणि पुढं बोलायला तोंड उघडलं.

“पण देवकी, ऐक… देवकी?… हॅलो?”

“हॅलो?”

फोन तुटला होता. त्यानं लगेच लावला. बाईचा आवाज आला, आपण संपर्क साधत असलेला ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. तेच तिनं हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं. भरतनं तिन्ही ऐकून घेतलं आणि परत लावला.

‘हो’च्या पुढं त्याला पुष्कळ सांगायचं होतं. म्हातारं माणूस चादरीत घालून न्यावं लागतं, त्याला तू जबाबदार नाहीस. रस्ता नाही, त्याला नाहीस. सबंध पाड्याचा जीव एका जीपवर आणि त्या जीपचा एका बॅटरीवर ठेवलाय, तो तू ठेवला नाहीस. पोरीसाठी दिवा लावणाऱ्या आईला बॅटरीचं गणित कोण शिकवतं. हे सगळं त्याच्या तोंडात तयार होतं, एका मागोमाग एक. ‘हो’ आधी आला, कारण तो आधी यायला हवा होता, आणि बाकीचं लगेच येणारच होतं.

पुढची रेंज खर्डीजवळ. तिथपर्यंतची सगळी वाट, दिपिकाचं डोकं मांडीवर घेऊन, त्या उजेडात, देवकीपाशी भावाचा तेवढा एकच शब्द होता.